परके शब्द, विरळ अक्षरे : एका जुन्या वादाची आजची स्थिती

कऱ्हाड तालुक्यातले उंब्रज हे पुणे-बंगळूर महामार्गावरचे बाजारपेठेचे गाव. कृष्णा आणि तारळी यांच्या संगमाजवळचे, समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एकाचे स्थान. या गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याचा सातबारा उतारा समोर धरला, तर मराठी शब्दसंग्रहाचा अर्धा इतिहास त्या एका कागदावर सापडतो. मुळात ‘कागद’ हाच फारसीतून आलेला. ‘गाव नमुना’ यातले गाव आपले, नमुना फारसी. ‘जिरायत’ अरबी मुळाचा, ‘बागायत’ फारसी ‘बाग’वरून आलेला, ‘क्षेत्र’ संस्कृत. ‘भोगवटादार’ या शब्दात भोगवटा मराठी आणि ‘दार’ फारसी, ‘पोटखराब’मध्ये पोट मराठी आणि खराब अरबी. जमिनीचे माप लिहायचे ते हेक्टर-आरमध्ये, म्हणजे फ्रान्समध्ये ठरलेल्या दशमान पद्धतीत. या उताऱ्यातले सगळे शब्द शेतकऱ्याला सारखेच आपले वाटतात. त्यातला कोणता कुठून आला, हा प्रश्न त्याला पडत नाही.

अभ्यासकांना मात्र तो किमान साडेतीनशे वर्षे पडलेला आहे. त्याला दोन बाजू आहेत. बाहेरून आलेले शब्द मराठीने किती घ्यावेत आणि कसे घ्यावेत, ही पहिली. त्या शब्दांबरोबर आलेले आणि आपल्या लिपीत पूर्वी नसलेले उच्चार कोणत्या अक्षरांनी लिहावेत, ही दुसरी. पहिलीवर भरपूर लिहिले गेले, दुसरीकडे बराच काळ छापखाने आणि शिक्षक यांच्याशिवाय फारसे कोणी पाहिले नाही. आज दोन्ही बाजू कुठे पोहोचल्या आहेत, हे क्रमाने पाहू.

शब्दांचे चार थर

शालेय व्याकरणात शब्दांची तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय अशी वर्गवारी शिकवतात. परभाषीय शब्दांचे चार मोठे थर दिसतात.

पहिला शेजारचा, कन्नडचा. अण्णा, अक्का, तूप, किल्ली, अडकित्ता हे नेहमी दिले जाणारे दाखले. सातारा-सांगली भागात हे शब्द इतके घरचे आहेत की त्यांना परभाषीय म्हणणेही अनेकांना चमत्कारिक वाटेल. हा थर किती जुना आणि किती जाड, यावर मतभेद आहेत. काही शब्द कन्नडमधून मराठीत आले, की दोन्ही भाषांनी तिसऱ्या जुन्या स्रोतातून उचलले, हे सांगणे अवघड असते.

दुसरा थर फारसीचा आणि तिच्यामार्फत आलेल्या अरबीचा. बहमनी आणि पुढे आदिलशाही, निजामशाही राजवटींत दरबार, महसूल, फौज आणि न्याय यांची भाषा फारसी होती. वकील, अर्ज, हक्क, वारस, जप्ती, शाई, जमीन, खरीप, रब्बी हे शब्द त्या वाटेने आले. एकनाथांचे ‘अर्जदस्त’ हे भारूड दरबारी अर्जाच्या घाटावर बेतलेले आहे, यावरून सोळाव्या शतकात ही शब्दकळा सामान्य श्रोत्यांपर्यंत कशी पोहोचली होती ते कळते. फारसीने नुसते शब्द दिले नाहीत, शब्द घडवण्याची साधनेही दिली. ‘दार’ आणि ‘खाना’ हे प्रत्यय इतके रुळले की पाणीदार, दवाखाना, कारखाना असे शब्द सहज रूढ झाले. लोकशाही आल्यावर प्रतिनिधींना नावे हवी होती, तेव्हा मराठीने ‘आमदार’ आणि ‘खासदार’ हे शब्द याच सामग्रीतून घडवले.

तिसरा थर पोर्तुगीजांचा. तो किनाऱ्यावरून घाट चढून आला. पगार, लिलाव, घमेले, चावी, पाव, परात, बादली, तुरुंग, बिजागरी हे सगळे पोर्तुगीज मुळाचे. बाजार समितीत लिलाव पुकारणारा आणि बांधकामावर घमेले उचलणारा मजूर हे शब्द दिवसभर वापरतात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दर्यावर्दींमुळे अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतले शब्दही आपल्याकडे आले. बटाटा, पपई, तंबाखू, काजू, अननस यांची मुळे कॅरिबियन बेटांत आणि ब्राझीलमध्ये सापडतात. टोमॅटो आणि चॉकलेट मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये, तिथून इंग्रजीत आणि मग मराठीत आले. या थराचा पायाभूत अभ्यास गोव्याच्या सेबास्तियाँव रोदोल्फु दालगादो यांनी केला. आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाविषयीचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला.

चौथा थर इंग्रजीचा. तो आजही साचतो आहे. ईस्ट इंडिया कंपनी आधी ‘कुंपणी’ झाली, डॉक्टर ‘डाक्तर’ आणि ‘डागदर’ झाला, ऑफिसचे ‘हापिस’ झाले. आज मात्र इंग्रजी शब्द मूळ उच्चाराच्या जितके जवळ जाता येईल तितके जवळ लिहिण्याकडे कल आहे. अक्षरांचा प्रश्न याच बदलातून उभा राहिला.

शुद्धीचे प्रयत्न

परके शब्द बाजूला सारण्याचा पहिला मोठा संघटित प्रयत्न शिवकाळातला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडित यांनी ‘राजव्यवहारकोश’ रचला. दहा वर्गांच्या या कोशात राज्यकारभारातल्या सुमारे १३८० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती झाला, तो याच विचारातून. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या वर्षांतली पत्रे तपासून त्यांतल्या फारसी आणि मराठी शब्दांचे प्रमाण मोजले. पहिल्या पत्रात फारसीचे राज्य होते, शेवटच्यात मराठीचे. मोजक्या पत्रांवरून सगळ्या भाषेविषयी निष्कर्ष काढता येईल का, अशी शंका घेता येते. पण शब्दांच्या वादात मतापेक्षा मोजणीला महत्त्व देण्याची पद्धत राजवाड्यांनी घालून दिली, हे मान्य करावे लागते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो वाईला सापडलेल्या कागदपत्रांतून.

दुसरा प्रयत्न विसाव्या शतकातला. १९२०च्या दशकात रत्नागिरीत स्थानबद्ध असताना वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम उघडली. दिनांक, क्रमांक, महापौर, दूरध्वनी, हुतात्मा असे त्यांनी घडवलेले किंवा प्रचारात आणलेले शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत. सावरकरांचा आग्रह सरसकट बहिष्काराचा नव्हता. जी वस्तू आपल्याकडे नव्हतीच तिचे नाव तिच्यासोबत यावे, असे ते म्हणत. गुलाब, जिलेबी, कोट, बूट यांना त्यांची हरकत नव्हती. चालू शब्द हाताशी असताना परका शब्द त्याची जागा घेतो, तिथे त्यांची हरकत होती.

या वादातली लक्षात राहण्याजोगी वाटचाल माधव जूलियन यांची. माधव जूलियन म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. त्यांची सुरुवातीची कविता फारसी शब्दांनी गजबजलेली होती. त्यांचा ‘फार्सी-मराठी कोश’ १९२५ साली निघाला. त्याच पटवर्धनांनी पुढे भाषाशुद्धीची बाजू घेतली आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक लिहिले. फारसीचा एवढा जाणकार माणूस शुद्धीकडे वळला, हे तिच्या समर्थकांना बळ देणारे ठरले. उलट बाजूचे लोक त्याच जाणकाराचा कोश दाखवून विचारतात, की इतके शब्द काढून टाकले तर मराठीत मागे किती उरेल?

आजच्या तीन भूमिका

आज प्रामुख्याने तीन भूमिका दिसतात.

पहिली शुद्धीची. या भूमिकेनुसार शब्द हे विचाराचे आणि स्वत्वाचे वाहन आहे. पर्याय असूनही परका शब्द वापरला की भाषेची स्वतः शब्द घडवण्याची ताकद हळूहळू जाते. या मंडळींचे आजचे लक्ष फारसीपेक्षा इंग्रजीवर आहे. ‘मदत’ किंवा ‘जमीन’ कोणी काढून टाकायला सांगत नाही. पण ‘हेल्प कर’ आणि ‘यूज कर’ ऐकले की त्यांना चिंता वाटते, आणि त्या चिंतेला आधार आहे.

दुसरी भूमिका स्वीकाराची. ना. गो. कालेलकर यांच्यासारख्या भाषावैज्ञानिकांनी मराठी वाचकांना भाषेकडे निरीक्षकाच्या नजरेने पाहायला शिकवले. उसने शब्द घेणे हा सर्व जिवंत भाषांचा सहज व्यवहार आहे आणि समाजाचे संबंध बदलले की शब्दसंग्रह बदलतो, असे या बाजूचे म्हणणे. फारसीने मराठी बुडाली नाही, उलट कारभाराला लागणारी सूक्ष्मता तिला मिळाली, हा त्यांचा आवडता दाखला.

तिसरी भूमिका परिभाषेची, म्हणजे राज्यकारभार आणि ज्ञान मराठीत आणू पाहणाऱ्यांची. १९६०मध्ये राज्य स्थापन झाल्यावर भाषा संचालनालय उभे राहिले, १९६२ साली पदनाम कोश आला, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. तिथे आधी परिभाषेचा खंड करावा लागला, मगच १९७६ साली पहिला खंड निघाला. प्रत्येक नोंदीला आणि प्रत्येक संज्ञेला मराठीत काय म्हणायचे हे ठरल्याशिवाय ज्ञानकोश लिहिताच येत नाही, हे त्या क्रमावरून स्पष्ट होते. परिभाषा अति संस्कृतप्रचुर झाली, ही टीका पदनाम कोशापासून आजवर होत आली आहे. तिला उत्तर म्हणून जिल्हाधिकारी, अर्थसंकल्प, अभियंता, संगणक हे रुळलेले शब्द दाखवले जातात.

कृष्णाकाठच्या शेतीत या तिन्ही भूमिका एकत्र नांदताना दिसतात. पंप, स्टार्टर, फ्यूज, ट्रॉली ही यंत्रे इंग्रजी नावांनीच ओळखली जातात. पण ‘ठिबक’ आणि ‘उपसा’ हे शब्द सिंचनात पक्के बसले आहेत. ठिबकणे आणि उपसणे या क्रियापदांतून निघालेले हे शब्द कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. खतांच्या बाबतीत गंमत वेगळीच. पाठ्यपुस्तके नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियमकडे वळली, तरी कृषी सल्ल्यात आणि शेतकऱ्याच्या बोलण्यात नत्र, स्फुरद, पालाश टिकून आहेत. त्याच वाक्यात ‘युरिया’ मात्र युरियाच राहतो. घडवलेला शब्द टिकतो तो ज्याला रोज वापरायचा आहे त्याच्या कामाला आला तर, असे या दाखल्यांवरून म्हणता येते.

अक्षरांची बाजू

आता दुसरी बाजू. प्रत्येक लिपीत काही अक्षरे रोजच्या वापरातली असतात, काही पाहुण्या शब्दांसाठी राखलेली. स्पॅनिश वर्णमालेत ‘के’ आणि ‘डब्ल्यू’ ही अक्षरे मुख्यतः परभाषेतल्या शब्दांत दिसतात, तर डोक्यावर नागमोडी रेघ असलेले ‘एन्ये’ हे त्या भाषेचे खास अक्षर मानले जाते. स्पॅनिशच्या अकादमींनी २०१०च्या लेखननियमांत ‘च’ आणि ‘ल्य’ या ध्वनींच्या अक्षरजोड्यांचा स्वतंत्र अक्षर हा दर्जा काढून वर्णमाला २७ अक्षरांची केली. मराठीने याच काळात उलट केले. तिने वर्णमालेत भर घातली.

‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतले स्वर मराठी वर्णमालेत नव्हते. एकोणिसाव्या शतकात ‘ब्यांक’, ‘ग्यास’, ‘आफिस’, ‘लार्ड’ असे लिहीत. पुढे अर्धचंद्र घेऊन ॲ आणि ऑ ही चिन्हे रूढ झाली. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने त्यांना अधिकृत जागा मिळाली. त्या वर्णमालेत १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजने आणि क्ष, ज्ञ ही २ विशेष संयुक्त व्यंजने मिळून ५२ वर्ण झाले. शाळांत बाराखडीबरोबर ‘चौदाखडी’ हा शब्द आला. १० नोव्हेंबर २०२२ रोजी या निर्णयाची सुधारित आवृत्ती निघाली. ‘क्लृप्ती’सारख्या अगदी मोजक्या संस्कृत शब्दांसाठी ऌ हा स्वरही या यादीत आहे. एकाच यादीत ऌ आणि ॲ दोन्ही असणे हे या भाषेच्या दोन निष्ठांचे चित्र आहे : एक परंपरेवरची, दुसरी रोजच्या बोलण्यावरची.

प्रत्येक पाहुण्या ध्वनीसाठी मराठीने नवे चिन्ह केले नाही. फारसीतला ‘झ’सारखा घासून येणारा ध्वनी जमीन, जोर, जखम या शब्दांत मराठीच्या दंततालव्य ‘ज’मध्ये सामावला. हिंदी-उर्दूच्या वळणाने नुक्ता देण्याची गरज मराठीला पडली नाही. इंग्रजीतला तोच ध्वनी मात्र ‘झ’ने लिहिला जातो : डिझेल, झेरॉक्स, ब्राझील. ‘नोव्हेंबर’ आणि ‘व्हॅन’साठी ‘केव्हा’, ‘जिव्हा’ यांतला ‘व्ह’ कामाला आला.

काही विरळ अक्षरांचा परक्या शब्दांशी मूळ संबंधच नाही, तरी ती या चर्चेत येतात. ‘कऱ्हाड’मधला आडवा रफार त्यांपैकी एक. त्याचे महत्त्व एका जोडीने समजते. फारसीतून आलेला ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि दरीचे अनेकवचन ‘दऱ्या’. लिहिताना फरक फक्त रफाराचा, अर्थात मात्र सह्याद्री आणि सिंधुसागर इतके अंतर. तरीही या शहराचे नाव रेल्वे स्थानकावर आणि सरकारी कागदांवर ‘कराड’ असे येते, वृत्तपत्रांत दोन्ही रूपे दिसतात. दुसरे उदाहरण ‘ळ’चे. नव्या परकीय शब्दांत ‘ळ’ येत नाही. जिथे येतो, तिथे तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या मराठी तोंडांतून गेल्याची खूण असते, उदाहरणार्थ ‘इस्पितळ’.

संगणक आल्यावर या बाजूला नवा पदर जुळला. ‘ॲ’साठी स्वतंत्र संकेत युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, म्हणजे २००८ साली आला. त्याआधीपासून लोक ‘अ’ला अर्धचंद्र जोडून किंवा हिंदी वळणाचे ‘ऍ’ वापरून लिहीत होते. हे तिन्ही प्रकार आजही चालू आहेत. खतांच्या दुकानाच्या नावातले ‘ॲग्रो’ माणसाला कोणत्याही रूपात वाचता येते. यंत्र मात्र त्यांना वेगळे शब्द समजू शकते आणि एका रूपाने शोधले तर बाकीची दोन हाती लागत नाहीत. ‘कऱ्हाड’मधल्या रफाराचेही तसेच, तो दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी टंकता येतो.

व्याकरणाची कसोटी

परका शब्द घरचा झाला की नाही, हे त्याच्या मुळापेक्षा तो व्याकरणात कसा वागतो यावरून कळते. त्याला लिंग मिळावे लागते, अनेकवचन व्हावे लागते आणि प्रत्ययापूर्वी सामान्यरूप व्हावे लागते. ‘बँक’ने हे सगळे केले : ती बँक, त्या बँका, बँकेत. ‘कंपनी’च्या कंपन्या झाल्या, ‘फाइल’च्या फायली झाल्या. बस स्त्रीलिंगी, ट्रक पुल्लिंगी, टेबल नपुंसकलिंगी झाले आणि हे कोणी बसून ठरवले नाही.

गेल्या काही दशकांत मात्र नव्या शब्दांना सामान्यरूप देणे टाळले जाते, असे दिसते. जुनी पिढी ‘हापिसात’, ‘हॉटेलात’ म्हणे, नवी पिढी ‘ऑफिसमध्ये’, ‘हॉटेलमध्ये’ म्हणते. शब्द मूळ रूपातच ठेवून त्याला ‘मध्ये’, ‘वर’, ‘साठी’ जोडायचे. क्रियापदांतही ‘चार्ज करणे’, ‘डाउनलोड करणे’ अशी जोडरूपेच तयार होतात. हा बदल म्हणजे मराठीची पचनशक्ती कमी झाल्याची खूण, की परक्या शब्दाचा ओळखण्याजोगा आकार जपण्याची नवी सोय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

अनिर्णित प्रश्न

काही प्रश्न अजून उघडेच आहेत.

पहिला व्युत्पत्तीचा. ‘साबण’ अरबीतून आला की पोर्तुगीजांकडून? दोन्ही भाषांत मिळताजुळता शब्द आहे आणि दोघांचाही आपल्याशी संबंध आला. मोल्सवर्थच्या कोशापासून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत आणि कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६च्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’पर्यंत अशा शब्दांचा विचार झाला. त्यानंतर जुन्या कागदपत्रांचा आधार घेऊन तेवढ्या व्यापकतेने फेरतपासणी व्हायला हवी होती. ती झालेली नाही.

दुसरा ऱ्हस्व-दीर्घाचा. पाइप की पाईप, लाइट की लाईट? साहित्य महामंडळाचे लेखननियम प्रामुख्याने तत्सम आणि मराठी शब्द डोळ्यांसमोर ठेवून झाले. इंग्रजी शब्दांच्या मध्यावरच्या इकाराबाबत प्रत्येक वृत्तपत्र आणि प्रकाशक आपापली शैली पाळतो.

तिसरा प्रश्न वर्णक्रमाचा. शासन निर्णयात ॲ हा ‘ए’नंतर आणि ऑ हा ‘ओ’नंतर येतो. पण जुने कोश, नवे कोश आणि संगणकीय याद्या सगळ्या एकाच क्रमाने लागतात असे नाही. शब्द शोधणाऱ्याला याचा रोज त्रास होतो.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, तो मोजमापाचा. राजवाड्यांनी पत्रे मोजली. आजच्या बोलण्याची तशी मोजणी कुठे आहे? इंग्रजी शब्दांच्या भडिमाराविषयीची बहुतेक मते शहरी वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि जाहिराती पाहून बनतात. उंब्रजसारख्या गावात महामार्गावरचे गॅरेज, दवाखाना, खतांचे दुकान, शाळा, साखर कारखान्याचे कार्यालय आणि शेताचा बांध, अशा प्रत्येक ठिकाणी शब्दांचे मिश्रण निराळे असणार. तिथली संभाषणे नीट ध्वनिमुद्रित करून, वयोगट आणि व्यवसाय यांनुसार परके शब्द आणि त्यांची सामान्यरूपे मोजली, तर शुद्धीवाद्यांची चिंता किती खरी आणि स्वीकारवाद्यांचा विश्वास किती रास्त हे सांगता येईल. परिभाषा करणाऱ्यांनाही ‘ठिबक’ का टिकले आणि त्याच सुमाराचे दुसरे शब्द का पडले, याचे उत्तर तिथेच मिळेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी भाषेची प्राचीनता सिद्ध करावी लागली. आता तिच्या आजच्या रूपाची नोंद करण्याची जबाबदारी आली आहे. त्यासाठी भाषा संचालनालय, विद्यापीठांचे मराठी विभाग आणि विश्वकोश मंडळ यांनी दोन कामे हाती घ्यावीत : गावोगावच्या बोलण्यातल्या परभाषीय शब्दांचा तारखेसह संग्रह, आणि ॲ, ऑ, ऱ यांच्या टंकलेखनाचा व वर्णक्रमाचा एकच नियम. दोन्ही कामे कष्टाची आहेत, पण वादग्रस्त नाहीत. शुद्धीवादी, स्वीकारवादी आणि परिभाषाकार या तिघांनाही ती सारख्याच उपयोगाची आहेत, आणि ती झाली तर पुढची चर्चा मतांऐवजी नोंदींच्या आधाराने करता येईल.